नोंदीनुसार सत्तर

पद: गृहव्यवस्थापिका, धर्मगुरू-निवास. लिंग: स्त्री. वय: नोंदीनुसार सत्तर पूर्ण. वैवाहिक स्थिती: लागू नाही. शिक्षण: रकाना रिकामा. सेवेचा कालावधी: एकोणतीस वर्षे. गैरहजेरी: चार दिवस (वडील वारले). स्वभाव: शांत. रूप: धर्मप्रांताच्या नियमावलीतील कलम सातला अनुसरून, म्हणजे 'जेणेकरून कोणाच्याही मनात संशयास जागा राहणार नाही' असे. शेरा: नाही.

हा कागद चर्चच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात, गुलाबी फायलीत आहे. त्यातल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. ती स्त्री आहे, ती एकोणतीस वर्षं राबली आहे आणि तिचे वडील वारले. बाकी सगळी नुसती शाई.

सगळे तिला मावशी म्हणतात. पोस्टमन म्हणतो, प्रार्थनेला येणाऱ्या बायका म्हणतात, एकदा आले होते तेव्हा बिशपही म्हणाले. ती पत्र्याची ट्रंक घेऊन मागच्या दाराने आत आली त्या दिवशी घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने "मावशी, पाय पुसा" अशी सुरुवात केली. तो स्वतः पंचाहत्तरचा होता. ती एकतीसची होती. कागदावर मात्र एक्केचाळीस.

ही दहा वर्षं कुठून आली ते सांगायला हवं. कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाही. पण त्याला भूक लागते, त्याच्या सदऱ्याची बटणं तुटतात, त्याचं दार वाजतं आणि ते कोणीतरी उघडावं लागतं. ही कामं पुरुषाने करायची नसतात हे धर्मशास्त्रात कुठे लिहिलेलं नसलं तरी सर्वांना पाठ असतं. म्हणून बाई ठेवायची. आता बाई ठेवली की लोकांच्या जिभा आल्या. म्हणून कलम सात: धर्मगुरूच्या छपराखाली राहणारी बाई चाळिशी ओलांडलेली असावी. चाळिशीनंतर बाईत संशय घेण्यासारखं काही उरत नाही असा नियम करणाऱ्यांचा अंदाज होता. नियम करणारे सगळे साठीपुढचे होते आणि त्यांच्यातल्या एकाचंही लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा हा अंदाज त्यांनी कशावरून बांधला हे विचारण्यात अर्थ नाही.

त्या वेळचे फादर, ज्यांना आता सगळे थोरले फादर म्हणतात, तीन आठवडे उकडलेल्या बटाट्यांवर जगत होते. आधीची बाई आजारी पडून मुलाकडे गेली होती. मावशी मुलाखतीला आली तेव्हा शेगडीवरच्या पातेल्यातलं पाणी आटून बटाटे करपत होते आणि फादर समोर फॉर्म ठेवून, नाक वर करून, हा वास कसला असावा याचा विचार करत होते. तिने आधी उठून शेगडी बंद केली. मुलाखत खरं तर तिथेच संपली होती.

"चाळीस पूर्ण?" फादरांनी फॉर्मकडे बघत विचारलं.

तिला धाकट्या बहिणीच्या घरातली दारामागची खाट आठवली. मधोमध खचलेली. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं की दार येऊन खाटेवर आपटे.

"हो," ती म्हणाली.

"किती?"

"एक्केचाळीस."

फादरांनी लिहिलं. मग तिने पदर सावरून आपल्या गावच्या चर्चचं पत्र पुढे केलं. त्यात तिच्या बाप्तिस्म्याची तारीख स्वच्छ अक्षरांत होती, आणि ती तारीख एक्केचाळीस म्हणायला तयार नव्हती. फादरांनी पत्र घेतलं, घडी न उलगडता फॉर्मला टाचणी मारून जोडलं आणि विचारलं, "अंडी करता येतात?" भुकेल्या माणसाने कागद उलगडून वाचल्याचं उदाहरण इतिहासात नाही.

म्हणजे खरी तारीख पहिल्या दिवसापासून त्यांच्याच फायलीत होती. खोट्याला टाचलेली.

खोटं बोलली म्हणून तिला झोप येईना. पापाची कबुली द्यायची तर चर्चमध्ये फादर एकच. शनिवारी ती कबुलीच्या कोठडीत जाळीमागे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "नोकरीसाठी वय खोटं सांगितलं."

जाळीपलीकडून विचारणा झाली, "कमी सांगितलंस की जास्त?"

"जास्त."

"बायका सहसा कमी सांगतात," जाळी म्हणाली, आणि तीन प्रार्थनांची शिक्षा झाली.

कबुलीत ऐकलेलं धर्मगुरूने बाहेर काढायचं नसतं. जीव गेला तरी नाही. त्यावर वागायचंही नसतं. ऐकलंच नाही असं राहायचं. थोरल्या फादरांनी आवाज ओळखला होता की नाही हे देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन अंडी खाल्ली आणि मीठ बरोबर आहे असं सांगितलं. पुढची अठरा वर्षं ते दोघं त्या विषयावर गप्प राहिले. एकाला बोलायची बंदी होती आणि दुसरीला गरज नव्हती.

मावशी मग वयाला लागली. लोक दुकानाला लागतात, व्यसनाला लागतात, तशी. साध्या काचांचा चष्मा घेतला. राखाडी कपडे शिवले. खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणायची सवय लावली. सुरुवातीला कधी कधी विसरायची आणि उठून पुन्हा बसून म्हणायची. चर्चच्या कमिटीने तिची पन्नाशी साजरी केली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. त्या दिवशी कलम सात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पाळलं गेलं, आणि ते तिने एकटीने, भांडी घासताना साजरं केलं.

त्याआधीची एक गोष्ट आहे. मनोऱ्यातल्या घड्याळाला वर्षातून दोनदा तेल घालायला एक माणूस येई. अंगाने बारीक, बोलायला कमी, हाताला कायम वंगणाचा वास. काम झालं की तो स्वयंपाकघरात चहा घेई आणि तिथलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून दुरुस्त करी. त्या घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं. चार वर्षांत त्याने ते आठ वेळा दुरुस्त केलं. तो तिला मावशी म्हणत नसे. काहीच म्हणत नसे. नुसतं "चहा झकास झालाय" म्हणे, भिंतीकडे बघून.

एकदा तो कार्यालयात गेला आणि कारकुनाला सहज विचारावं तसं विचारून बसला, "त्या स्वयंपाकघरातल्या बाई... वय काय असेल हो?" कारकून कर्तव्यदक्ष. त्याने अंदाज सांगितला नाही, फाईल काढून बघितली. सत्तेचाळीस. घड्याळवाला एकोणचाळीसचा होता आणि त्याची आई हयात होती. पुढच्या खेपेला तो थेट मनोऱ्यावर चढला आणि थेट खाली उतरला. स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबला.

"येतो मावशी," म्हणाला.

कपात चहा ओतलेला होता. मावशी त्याच्यामागे चार पावलं धावली असती तर गोष्ट मिटली असती. पण सदतीस वर्षांची बाई फादरांच्या छपराखाली संध्याकाळपर्यंत राहिली नसती, आणि घड्याळवाल्याच्या मनात नक्की काय होतं हे घड्याळवाल्यानेही सांगितलं नव्हतं. ती दारामागची खाट आठवून थांबली. चहा तिनेच प्यायला. ब्रह्मचर्याचं व्रत फादरांनी घेतलं होतं, समारंभ करून, बिशपांच्या समोर, जमिनीवर पालथं पडून. तिच्यासाठी ते एका रकान्यात उरकलं होतं.

फादरांनी लग्न करावं की नाही यावर दर गुरुवारी संध्याकाळी सभागृहात अभ्यासमंडळ बसे. अकरा वर्षं बसलं; माणसं चर्चच्या कमिटीतलीच. अध्यक्ष होते मोजणीखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ; त्यांना सगळे मोजणीवाले म्हणत. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी इंचाइंचाने मोजल्यामुळे त्यांना आपण न्यायी आहोत असं वाटे. एक बाजू म्हणे, लग्न केल्याशिवाय फादरांना संसार कळणार कसा? दुसरी म्हणे, संसार कळला तर ते फादर राहणार कसे? औषधाच्या दुकानाचे मालक दोन्ही बाजूंनी बोलत, कारण दोन्ही बाजू त्यांच्याकडूनच गोळ्या घेत. अकरा वर्षांत एकाच मुद्द्यावर एकमत झालं, की चहा पाणचट असतो. चहा मावशी करायची. मुद्दाम.

तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते पक्कं होतं.

"यांची लग्नं झालेलीच असतात गं," ती धाकट्या बहिणीला फोनवर सांगे. "जेवायला मी घालते, मोजे मी शोधते, ताप आला की उशाशी मी बसते, आणि बिशपांचा राग काढायचा तो माझ्यावरच काढतात. लग्नातलं राहिलं काय? फक्त फोटो."

"आणि ते दुसरं?" धाकटी खिदळे.

"ते तुझ्याकडे तरी कुठे आहे?"

धाकटी मग विषय बदले.

थोरले फादर गेले तेव्हा सभागृहाला त्यांचं नाव दिलं. मोठी तसबीर लावली, खाली पितळी पाटी: 'निष्कलंक जीवन.' पाटी घासायचं काम मावशीकडे आलं. त्यांच्यानंतरचे दोन फादर कमी काळ राहिले. एकाला वाटे दूध आपोआप तापतं. दुसऱ्याने एकदा स्वतः इस्त्री केली आणि त्यावर तीन रविवार प्रवचन दिलं.

मग ते फादर आले ज्यांना बायको होती.

यात चावटपणा काही नव्हता. हे गृहस्थ आधी दुसऱ्या पंथाचे पाद्री होते. तिथे लग्न चालतं, ते झालं होतं, सहा वर्षांची मुलगी होती. मग ते कॅथलिक झाले आणि वरून खास परवानगी येऊन रीतसर धर्मगुरू झाले. नियमाला असा अपवाद आहे. अकरा वर्षांच्या अभ्यासात तो अभ्यासमंडळाच्या वाचनात आला नव्हता. ज्या प्रश्नावर इतका चहा संपला होता तो प्रश्न एका सकाळी सामानाच्या गाडीतून उतरला, तीन खोकी आणि मुलीची सायकल घेऊन.

पहिली अडचण पडली ती हाक मारण्याची. बाईंना म्हणायचं काय? वहिनी म्हणावं तर फादर भाऊ होतात. फादर म्हणजे बाप, तर बापाची बायको आई. पण अडतीस वर्षांच्या बाईला बहात्तर वर्षांचे मोजणीवाले आई कसे म्हणणार? मदर म्हटलं तर मठातल्या सिस्टर चिडतील. औषधवाल्यांनी एकदा "मिसेस फादर" म्हणून पाहिलं आणि स्वतःच खोकत सुटले. शेवटी कोणीच काही म्हणेना. नुसते समोर जाऊन घसा खाकरत.

मावशीला ही अडचण आली नाही. पहिल्या संध्याकाळी त्या बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मागच्या दाराने आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, गरम पाणी मिळेल का? खांद्यापर्यंत हात गाईच्या आत होता." त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. मावशी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणू लागली आणि बूट बाहेर काढायला सांगू लागली. दोन्ही त्यांना मान्य झालं.

महिन्याभराने मोजणीवाले स्वयंपाकघरात आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. चेहऱ्यावर, दुसऱ्याची जमीन रस्त्यात जाणार आहे हे सांगायला आलेल्या माणसाचा कनवाळूपणा होता.

"मावशी, तुम्ही फार केलंत हो. आता विश्रांती घ्या."

"दमले असं कोण म्हणालं?"

"तसं नाही. पण कसं आहे, आता घरात बाई आली."

मावशीने मागे वळून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. घरात एकोणतीस वर्षं एक बाई होती. ती हातात सुरी घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. मोजणीवाल्यांनी खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. नियमानुसार वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्याने आपली सेवा महिनाअखेर सन्मानपूर्वक समाप्त होत आहे. वरची खोली फादरांच्या मुलीला लागेल. निरोपाच्या वेळी कमिटीतर्फे चांदीच्या मुठीची काठी देण्यात येईल.

"काठी?" मावशीने विचारलं.

"चालायला," मोजणीवाले मायेने म्हणाले.

अकरा वर्षांच्या त्या थोर चर्चेचा गाभा असा एका वाक्यात बाहेर आला होता. देव, व्रत, परंपरा, सगळं झालं. कमिटीच्या हिशेबी धर्मगुरूचं लग्न म्हणजे स्वयंपाकघरात फुकटचं माणूस. बायको आली की मावशी नको. बायकोला विचारायचं असतं हे मोजणीत बसत नव्हतं.

मावशीने रात्रीची वाट न बघता भरदुपारी धाकटीला फोन केला.

"ये की," धाकटी म्हणाली. "दारामागची खाट आहे अजून."

"ती माझ्या वेळेलाच मोडकी होती."

"अजून मोडकीच आहे. पण कागदावर तू माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी, तुझा मान पहिला."

मावशी हसली नाही. तिने खोलीत जाऊन पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढली आणि उघडी ठेवून खाली आली, कारण बटाटे सोलायचे होते.

मुलगी टेबलापाशी बसून सालांचे आकडे करत होती. आई मोरीपाशी हात घासत होती.

"तुम्ही किती वर्षांच्या आहात?" मुलीने विचारलं.

मुलाखतीनंतरच्या एकोणतीस वर्षांत हा प्रश्न तिला तोंडावर कोणी विचारला नव्हता. लोकांनी फाईल विचारली होती, नोंदवही विचारली होती. उत्तराला सवय नव्हती, ते सरळ बाहेर आलं.

"साठ."

मोरीवरचं पाणी बंद झालं.

"मला तर अध्यक्ष म्हणाले सत्तर," डॉक्टरीणबाई वळून म्हणाल्या.

"अध्यक्षांना कागद म्हणाला."

"आणि कागदाला?"

मावशीने सांगितलं. करपलेल्या बटाट्यांपासून चांदीच्या मुठीपर्यंत, हातातली सोलणी न थांबवता. घड्याळाचं तेवढं वगळलं. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या.

"मी गुरांचं वय दातांवरून सांगते," त्या म्हणाल्या. "कागदावरून कधीच नाही."

"दाखवू का दात?"

"नको. तुम्हाला जिना चढताना बघितलंय. दोन दोन पायऱ्या. मला वाटलं सत्तरीत ही बाई काय खाते ते विचारून घ्यावं." मग त्यांचा आवाज बदलला. "पण तुमच्या जागी इथे करणार कोण?"

"तुम्ही."

"मी? मला कोणी विचारलं?"

"तुमचं लग्न झालंय ना. त्यात विचारून झालं असं ते धरतात."

डॉक्टरीणबाईंनी एक शब्द वापरला. तो गुरांच्या बाजारातला होता आणि या घराच्या भिंतींनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला. मुलीने तो लगेच दोनदा म्हणून पाहिला.

गुरुवारी कमिटी बसली, थोरल्या फादरांच्या तसबिरीखाली. विषय एक, मावशीचा निरोप. विषय दोन, काठीवर मजकूर काय कोरावा. नवे फादर कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होते. माणूस सज्जन होता. पंथ बदलण्यात त्याचं सगळं धाडस खर्च झालं होतं. शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, न बोलावता. मावशी चहाचा ट्रे घेऊन आली, ट्रे ठेवला आणि नेहमीसारखी परत गेली नाही.

"काय हवंय मावशी?" मोजणीवाले म्हणाले.

"माझी फाईल काढा. गुलाबी."

"आता कशाला?"

"सत्तर मोजलेत ना तुम्ही? पुन्हा मोजा."

हा शब्द मर्मी लागला. मोजणीवाल्यांच्या मापाला हयातीत कोणी हरकत घेतली नव्हती. त्यांनी स्वतः उठून कपाट उघडलं, फाईल आणली, फॉर्मवर बोट ठेवलं. "हे बघा. एक्केचाळीस. त्यात एकोणतीस मिळवा."

"मागचं पत्र वाचा."

टाचणी गंजून कागदात रुतली होती. ती निघेना, तेव्हा औषधवाल्यांनी खिशातला छोटा चिमटा दिला. घडी उलगडली. मोजणीवाल्यांनी तारीख वाचली, चष्मा वर केला, पुन्हा वाचली आणि ओठ हलवत वजाबाकी केली. मग खुर्चीत बसले.

"एकतीस," ते म्हणाले.

"हळू बोला," औषधवाले म्हणाले आणि सगळ्यांच्या माना एकदम वर, तसबिरीकडे वळल्या.

"म्हणजे थोरले फादर..." औषधवाल्यांनी घसा खाकरला, "आणि एकतीस वर्षांची..."

"आणि अंडी," मावशी म्हणाली. "दोन. अर्धकच्ची. पुढचं ऐकायचं असेल तर पुढचं हे, की ते पेपर वाचत खायचे आणि अठरा वर्षांत त्यांनी मान वर करून माझा चेहरा बघितला असेल तर पैज. मी चष्मा लावते हे त्यांना चौथ्या वर्षी कळलं. काचेवर सूप उडालं म्हणून."

"पण त्यांना माहीत होतं?" मोजणीवाल्यांचा आवाज पातळ झाला.

"माहीत होतं की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं."

हे वाक्य कळायला कमिटीला थोडा वेळ लागला. नव्या फादरांना लगेच कळलं. त्यांचे कान लाल झाले आणि ते पुन्हा चष्मा पुसू लागले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"हे बाहेर गेलं तर," औषधवाले कुजबुजले, "लोक काय म्हणतील? पाटीचं काय?"

"पाटी मी घासते," मावशी म्हणाली. "तिला काही झालेलं नाही."

"पण कलम सात! धर्मगुरूच्या छपराखाली चाळिशीच्या आतली बाई!"

"मी अडतीसची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि त्याच छपराखाली झोपते. कधी कधी घोरते."

"तुमचं वेगळं हो. तुम्ही बायको आहात."

"म्हणजे बायको असली की वय चालतं, आणि नसली की दहा वर्षं वाढवून आणायची? बरं, आणखी एक सांगून ठेवते. मी याच्याशी लग्न केलं तेव्हा चर्चचा ओटा आंदण घेतला नव्हता. माझा दिवस गोठ्यात जातो. सोमवारपासून इथला स्वयंपाक, धुणं, दार आणि तुमचा हा चहा कोण करणार ते आत्ता ठरवा."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं.

"फादर, तुमचं मत?" मोजणीवाल्यांनी शेवटचा आधार शोधला.

नव्या फादरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला मोजे सापडत नाहीत," ते म्हणाले. त्या संध्याकाळचं एवढंच प्रामाणिक विधान.

कमिटी मोठ्या पेचात सापडली होती. मावशी सत्तरची मानली तर तिला घालवावं लागणार, आणि मग चूल पेटणार नाही. साठची मानली तर तिला ठेवता येणार, पण मग पाटी उतरवावी लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अकरा वर्षं तत्त्वांवर बोलणारी ती माणसं पाऊण तास एका बाईच्या वयाचा असा आकडा शोधत होती जो खराही नसेल आणि महागही पडणार नाही. बाई समोर उभी होती. तिला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही; तिने स्वतःच खुर्ची ओढली. गुडघ्यावर हात न ठेवता बसली.

शेवटी वाट सापडली ती मोजणीवाल्यांना. हद्दीच्या खुणा न हलवता जमीन फिरवण्यात त्यांची हयात गेली होती.

"सत्तरच राहू द्या," ते म्हणाले. "पण कलम सातचा हेतू काय? संशयाला जागा राहू नये. मग सत्तरीनंतर तो हेतू अधिकच साधतो की नाही? तेव्हा निवृत्तीचा नियम इथे लावणं हे कलम सातच्या विरोधात जाईल. मुदतवाढ द्यावी. दहा वर्षं."

"वा!" औषधवाले म्हणाले. सुटल्यासारखे सगळे हसले. कोणीतरी चहाची स्तुतीही केली.

"म्हणजे ऐंशीपर्यंत," मोजणीवाले लिहू लागले.

म्हणजे खऱ्या सत्तरीपर्यंत, जेवढं मुळात तिच्या हक्काचं होतं तेवढंच. हे मावशीच्या लक्षात आलं. शहाण्या माणसाने आंधळ्याला वाट बरोबर चाललास असं सांगायचं नसतं.

"आणि हे पत्र," मोजणीवाले चाचरत म्हणाले, "हे फायलीत नसलेलं बरं."

"नसेलच," मावशी म्हणाली. तिने ते टेबलावरून उचललं, घडी घातली आणि कंबरेला खोचलं. "माझं आहे. आणि ती काठी औषधवाल्यांना द्या. ते दोन्ही बाजूंना झुकतात."

ती कप गोळा करून गेली. वर जाऊन तिने ट्रंक बंद केली आणि पायाने पलंगाखाली ढकलली. मुलीला शेवटी जिन्याखालची सामानाची खोली मिळाली, आणि तिला तीच हवी होती. मावशीच्या खिडकीतून मनोऱ्यातलं घड्याळ दिसत होतं. ते सात मिनिटं मागे होतं. हल्ली त्याला तेल घालायला कोणी येत नाही.

ठराव दुसऱ्या दिवशी टंकलिखित होऊन गुलाबी फायलीत लागला. पद: गृहव्यवस्थापिका. वय: नोंदीनुसार सत्तर पूर्ण. मुदतवाढ: वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत, कलम सातच्या हेतूस अनुसरून. रूप: पूर्ववत. वैवाहिक स्थिती: लागू नाही. शेरा: नाही.

घड्याळवाला तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता.